सावलीत कोण उभं आहे ते आधी बघा : जुने कृष्णधवल हेरपट आणि डिटेक्टिव्ह सिनेमे पाहायचे कसे

‘द बिग स्लीप’ (१९४६) या चित्रपटाचं काम चालू असताना एक साधा प्रश्न निघाला. कथेत एका ड्रायव्हरची मोटार पाण्यात सापडते, आत त्याचं प्रेत. त्याला कोणी मारलं, की त्यानं स्वतःच जीव दिला? दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सच्या मंडळींना उत्तर सापडेना. शेवटी मूळ कादंबरीचा लेखक रेमंड चँडलर याला तार करून विचारलं. चँडलरनं पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय की उत्तर त्यालाही ठाऊक नव्हतं. चित्रपट तसाच पुरा झाला, तसाच लागला, आणि ऐंशी वर्षं होत आली तरी लोक तो हौसेनं बघतात.

जुने डिटेक्टिव्ह सिनेमे आणि हेरपट पहिल्यांदा बघणाऱ्याची एक ठरलेली तक्रार असते : कोण कोणाचा माणूस, कोणी कोणाला फसवलं, काही पत्ता लागत नाही. ही तक्रार खरी आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी गुंतागुंतीच्या आहेत आणि काही तर चक्क विस्कळीत आहेत. पण कथानकाचा प्रत्येक धागा हातात धरून बसायचं ठरवलंत, तर या सिनेमांतली खरी मजा डोळ्यांसमोरून निघून जाते. ‘खुनी कोण’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी प्रत्येक प्रसंगात एवढंच विचारत राहा : आत्ता या खोलीत कोणाला काय माहीत आहे, आणि कोणाला काय माहीत नाही? हा एकच प्रश्न धरून बसलात तरी निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

दोन्हीकडे व्यापार माहितीचाच

डिटेक्टिव्हच्या गोष्टीत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. खून झालाय, दागिना गेलाय, माणूस बेपत्ता आहे. नायक मागे मागे जात ते उकरून काढतो. हेराच्या गोष्टीत जे व्हायचं ते अजून पुढे असतं. कागद सीमेपार जाणार आहे, कोणाचा तरी घात होणार आहे, आणि नायकाला ते थांबवायचं तरी आहे किंवा गुपचूप घडवून तरी आणायचं आहे. डिटेक्टिव्ह उघडपणे प्रश्न विचारू शकतो. हेराला प्रश्न विचारायचीच चोरी, कारण चुकीचा प्रश्न विचारला की तो उघडा पडला.

हा फरक मोठा आहे, पण दोघांचं भांडवल एकच, माहिती. म्हणून जुन्या पडद्यावर हे दोन प्रकार सहज एकमेकांत मिसळले. बेसिल रॅथबोननं १९३९ ते १९४६ या काळात चौदा चित्रपटांत शेरलॉक होम्स रंगवला. पहिले दोन व्हिक्टोरियन काळातच घडतात. १९४२ पासून युनिव्हर्सल स्टुडिओनं होम्सला उचलून थेट दुसऱ्या महायुद्धात आणला आणि नाझी हेरांच्या मागे लावला. बग्गीतला होम्स मोटारीत बसला. खरं सांगायचं तर त्यातल्या काहींच्या कथा अगदीच बेताच्या आहेत. पण धुकं, बंदर आणि रॅथबोनचं ते धारदार नाक एवढ्या बळावरही सव्वा तास बरा जातो.

आता ‘कोणाला काय माहीत’ हा प्रश्न कसा वापरायचा, ते जवळून बघू.

‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ (१९५३) हा सॅम्युएल फुलरचा चित्रपट. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत तुडुंब गर्दी. एक तरुणी उभी आहे, हातात पर्स. दोन माणसं तिच्यावर लक्ष ठेवून आहेत. एक तिसरा तरुण वर्तमानपत्राच्या आडून तिच्या अगदी जवळ सरकतो आणि त्याची बोटं अलगद पर्समध्ये शिरतात. चोरी होऊन जाईपर्यंत कोणी एक शब्द बोलत नाही. चेहरे, हात, डबा हलतोय, बस्स. पाळत ठेवणारे सरकारी माणसं आहेत. त्या पर्समध्ये काय आहे याचा त्यांना अंदाज आहे, पण मध्ये हा पाकीटमार उपटेल याची कल्पना नाही. पाकीटमाराला वाटतं त्यानं साधं पाकीट मारलं. त्यात मायक्रोफिल्म आहे, हे त्याला घरी गेल्यावर कळणार. आणि जी तरुणी ते घेऊन चालली आहे, तिलाही आपण नक्की काय वाहतोय ते माहीत नाही. चौघंजण एकाच डब्यात, आणि एकालाही पूर्ण चित्र दिसत नाही. पुढची सगळी हाणामारी या दोन-तीन मिनिटांतून निघते. हा प्रसंग कळला की बाकीचा चित्रपट कळायला जड नाही.

गंमत अशी की हाच चित्रपट फ्रान्समध्ये दाखवताना संवाद बदलून कम्युनिस्ट हेरगिरीच्या जागी अमली पदार्थांचा धंदा घालण्यात आला, आणि तरी गोष्ट चालली. म्हणजे त्या फिल्मवर काय होतं याला फारसं महत्त्व नव्हतंच. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक अशा वस्तूला ‘मॅकगफिन’ म्हणायचा : जिच्यासाठी पात्रं जिवावर उदार होतात, पण प्रेक्षकानं जिचा विचार केला नाही तरी चालतं अशी वस्तू. कुठे काळा पक्ष्याचा पुतळा, कुठे विमानाच्या इंजिनाचं गुपित, कुठे बाटलीतली वाळूसारखी पूड. ते इंजिन कसं चालतं हे समजून घ्यायची धडपड करू नका. ते कोणाला हवंय आणि त्यासाठी तो कुठवर जाईल, तेवढं बघा.

दिवा कुठे ठेवला आहे?

रंग नसल्यामुळे काय झालं, हे नीट समजून घेतलं तर हे सिनेमे वेगळेच दिसायला लागतात.

हिरव्या भिंतीसमोर लाल कोटातला माणूस उभा केला तर रंगीत फिल्मवर तो लगेच उठून दिसतो. कृष्णधवल फिल्मवर तो लाल आणि तो हिरवा जवळपास एकाच करड्या छटेत उतरू शकतात, आणि माणूस भिंतीत विरघळून जातो. त्याला भिंतीपासून सोडवायचं काम प्रकाशानंच करावं लागतं. म्हणून कॅमेरामन मागून एक दिवा लावतो. त्यानं केसांवर आणि खांद्यांवर एक उजळ कडा येते. समोरच्या बाजूला एक मुख्य दिवा असतो, आणि त्या दिव्यानं चेहऱ्यावर पडलेल्या सावल्या मऊ करायला दुसऱ्या बाजूनं एक सौम्य दिवा, ज्याला फिल लाइट म्हणतात. विनोदी किंवा संगीतप्रधान चित्रपटात हा फिल लाइट भरपूर असतो आणि सगळे चेहरे स्वच्छ, गोरेगोमटे दिसतात. डिटेक्टिव्ह सिनेमातल्या कॅमेरामननं तो कमी केला, कधी विझवूनच टाकला. अर्धा चेहरा अंधारात गेला. तो अर्धा चेहरा काय विचार करतोय, हे आपल्याला कळू द्यायचं नाही, असा तो कारभार.

खिडकीच्या आडव्या पट्ट्यांमधून येणारा उजेड तुम्ही या सिनेमांत शंभरदा बघाल. भिंतीवर, कोटावर, चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा. त्यात गजांचा भास आहेच, पण एक व्यवहारी कारणही आहे. रिकामी भिंत रंगाशिवाय फार कंटाळवाणी दिसते, आणि एका दिव्यासमोर पट्ट्या धरल्या की फुकटात नक्षी मिळते. ओल्या रस्त्यांचंही तसंच. रात्री कोरडा रस्ता कॅमेऱ्याला नुसता काळा डाग दिसतो. पाणी मारलं की दगड न् दगड चमकतो आणि दिव्याचं प्रतिबिंब लांबवर पसरतं. म्हणून या गावांमध्ये सदा न कदा नुकताच पाऊस पडून गेलेला असतो, आणि छत्री मात्र क्वचितच कोणाकडे असते.

‘तेव्हा रंग नव्हता म्हणून काळंपांढरं’ हा समज मात्र काढून टाका. तीन-पट्टी टेक्निकलर हे रंगीत चित्रणाचं तंत्र १९३० च्या दशकातच आलं होतं. ते महाग होतं आणि त्याला प्रचंड उजेड लागायचा. अंधारात खेळणाऱ्या कथांना ते सोयीचं नव्हतं. ऑस्करमध्ये १९६६ पर्यंत, एखादा अपवाद सोडता, कृष्णधवल आणि रंगीत छायाचित्रणाला वेगवेगळी पारितोषिकं दिली जात. दोन्ही वेगळ्या कला आहेत, असंच धंद्यातले लोक मानत होते.

ही सावल्यांची भाषा मुख्यतः जर्मनीतून आली. १९२० च्या दशकात बर्लिनच्या स्टुडिओंत अंधार आणि वाकड्यातिकड्या आकारांवर बरेच प्रयोग झाले. फ्रिट्झ लांगनं १९२८ मध्येच ‘श्पिओने’ नावाचा मूक हेरपट काढला. त्यातला हेरांचा म्होरक्या वरकरणी एका बँकेचा प्रमुख असतो, आणि पुढच्या कित्येक खलनायकांचा तो आजोबा शोभावा. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि लांग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिऑडमॅक, नट पीटर लॉरी असे कितीतरी लोक देश सोडून गेले. पुढे हॉलिवूडमध्ये यांनीच रात्रीची शहरं उभी केली. जे पाळत आणि पलायन यांच्या गोष्टी सांगत होते, त्यांच्यातले बरेच स्वतः पळून आलेले होते.

त्यात युद्ध आलं. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारनं एका चित्रपटाच्या सेटसाठी नव्या सामानावर ५००० डॉलरची मर्यादा घातली. जुनेच सेट पुन्हा वापरायचे तर ते ओळखू येता कामा नयेत. त्यावर सोपा उपाय : दिवे कमी करा. पैशाची चणचण आणि कलेची हौस दोन्ही एकाच दिशेला गेल्या.

लांगच्याच ‘मिनिस्ट्री ऑफ फिअर’ (१९४४) मधला एक क्षण सांगतो. खोलीत अंधार. एक माणूस दार उघडून बाहेर सटकतो, दार बंद होतं. गोळीचा आवाज येतो. काळ्याकुट्ट दारावर एकदम प्रकाशाचा एक बारीक ठिपका उमटतो, गोळीनं पाडलेलं भोक. पलीकडे काय झालं ते आपल्याला दिसत नाही. दिसायची गरजही उरत नाही. रंगीत चित्रात हा ठिपका इतका बोलला नसता, असं माझं मत आहे.

एक मांजर, एक उंबरठा

या सगळ्याचा कळस बघायचा असेल तर कॅरल रीडचा ‘द थर्ड मॅन’ (१९४९). पंच्याहत्तर वर्षांहून जुनं रहस्य आहे, तेव्हा ते इथं फोडतोय. ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

युद्ध संपलंय. व्हिएन्ना शहर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांनी आपसांत वाटून घेतलंय. अर्धी घरं पडलेली, बाजारात सगळंच काळ्या दरानं. हॉली मार्टिन्स नावाचा सवंग कादंबऱ्या लिहिणारा अमेरिकन आपल्या मित्राच्या, हॅरी लाइमच्या भरवशावर तिथं येतो, तर मित्राच्या दफनाचीच वेळ झालेली. मोटारखाली गेला म्हणे. प्रेत उचलणारे दोघं होते, असं सगळे सांगतात, इमारतीचा रखवालदार म्हणतो तीन होते. मग हा तिसरा कोण? हॉली डिटेक्टिव्ह नाही. त्याला तिथली भाषा येत नाही, आणि जर्मन संवादांना मूळ चित्रपटात उपशीर्षकं नाहीत. तो जितका आंधळा तितकेच आपणही.

तासभर उलटून गेल्यावर तो प्रसंग येतो. हॅरीच्या मैत्रिणीच्या खोलीत हॉली मांजराशी खेळू बघतो, मांजर ढुंकून बघत नाही. ती म्हणते, त्याला फक्त हॅरी आवडायचा. वाक्य जाता जाता येतं, कोणी त्यावर जोर देत नाही. मांजर खिडकीतून खाली उतरतं, ओल्या रस्त्यावरून जातं, एका अंधाऱ्या दाराशी उभ्या असलेल्या कोणाच्या तरी बुटांपाशी थांबतं आणि लेसशी चाळे करत तिथंच रमतं. वर चेहरा नाही, नुसता काळोख. आता हिशेब करा : हॉली अजून वरच आहे, त्याला काही माहीत नाही. मांजराला माहीत आहे. आणि जर आपण ते मघाचं वाक्य ऐकलं असेल तर आपल्यालाही आत्ताच कळलंय. हॉली खाली येतो, दारू प्यायलेला, अंधारात कोणी पाळत ठेवतंय असं वाटून आरडाओरडा करतो. त्या गोंगाटानं वैतागून समोरच्या घरातलं कोणीतरी दिवा लावतं. उजेड थेट त्या दारावर पडतो. हॅरीचं काम करणाऱ्या ऑर्सन वेल्सचा चेहरा, भुवई किंचित वर, ओठांवर ‘सापडलो की’ असं मिस्कील हसू. या एका दिव्यासाठी रीडनं तासभर वाट बघायला लावली.

छायाचित्रणाचं ऑस्कर या चित्रपटासाठी रॉबर्ट क्रास्करला मिळालं. त्याच्या कॅमेऱ्यात शहर तिरकं दिसतं, भिंती कललेल्या. काहींना ते अती वाटतं, आणि काही ठिकाणी ते अती आहेच. संगीत मात्र बिनतोड : सगळा चित्रपट अँटन करास या व्हिएन्नातल्या वादकाच्या झिथर या एकट्या तंतुवाद्यावर चालतो. खुनाच्या गोष्टीला इतकं खेळकर वाद्य, आणि तरी अंगावर काटा येतो.

जे बोलायचं नाही ते दाखवायचं कसं

हॉलिवूडवर तेव्हा एक आचारसंहिता होती, हेज कोड या नावानं ओळखली जाणारी. ती १९३० मध्ये ठरली, १९३४ पासून कडक झाली आणि १९६८ पर्यंत टिकली. गुन्हेगार सुटलेला दाखवायचा नाही, शृंगाराचा अतिरेक नको, अमुक विषयांचं नाव काढायचं नाही. म्हणजे शेवट काय होणार हे अर्धवट ठरलेलंच. उत्सुकता उरते ती कशी, कधी आणि कोणाच्या हातून, याची.

या नियमांमुळे लेखक-दिग्दर्शक आडवळणानं बोलायला शिकले, आणि प्रेक्षकही आडवळणाचं ऐकायला. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) मध्ये सेक्रेटरी एका नव्या गिऱ्हाइकाचं कार्ड आणून देते. डिटेक्टिव्ह सॅम स्पेड ते हुंगतो, अत्तराचा वास येतोय. तो माणूस समलिंगी आहे हे कोडमुळे उघड सांगता येत नव्हतं, ते त्या वासावर भागवलं आहे. सिगारेट पेटवून देणं, दारापर्यंत सोडायला जाणं, ग्लास अर्धाच ठेवणं, या सगळ्याला त्या काळात अर्थ होता. आज आपण हातात फोन धरून बघतो आणि नेमकं तेच हुकतं.

हिचकॉक या खेळात सगळ्यांत तरबेज. ‘नटोरिअस’ (१९४६) मध्ये इन्ग्रिड बर्गमन आणि कॅरी ग्रँट यांचं चुंबन लांबवता येत नव्हतं. त्यानं ते तुकड्यातुकड्यांत घेतलं : जरा ओठ टेकवायचे, मग जेवणाबद्दल काहीतरी पुटपुटायचं, पुन्हा टेकवायचे, चालत फोनपर्यंत जायचं, पुन्हा. असं दोन-अडीच मिनिटं. नियम मोडला नाही आणि नियमाची पार दैना करून टाकली.

त्याच चित्रपटातली मेजवानी हा हेरपटांतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग. ॲलिशिया (बर्गमन) अमेरिकेसाठी काम करतेय. रिओ दि जानेरोतल्या नाझी टोळक्यात शिरायचं म्हणून तिनं त्यांच्यातल्याच एकाशी लग्न केलंय. घराच्या तळघरात दारूच्या बाटल्यांत काहीतरी दडवलंय आणि तळघराची किल्ली नवऱ्याच्या जुडग्यात. ती किल्ली तिनं काढून घेतली आहे. कॅमेरा आधी वरच्या मजल्यावरून दिवाणखाना दाखवतो, झुंबर, पाहुणे, संगीत, सगळं कसं छान. मग तो एकाच ओघात खाली उतरत उतरत येतो आणि थेट तिच्या मुठीपाशी थांबतो. मुठीत किल्ली. इतक्या मोठ्या गर्दीत महत्त्वाची गोष्ट एवढीशी आहे, हे एका शब्दाशिवाय सांगून झालं.

पुढे ताण कशावर आहे, तर शॅम्पेनवर. बर्फात लावलेल्या बाटल्या एकेक करून संपत चालल्या आहेत. त्या संपल्या की नवरा आणखी आणायला तळघरात जाणार आणि जुडग्यात किल्ली नाही हे त्याच्या लक्षात येणार. पाहुण्यांना वाटतंय आपण मजेत पितोय. प्रत्येक घोटासरशी आपला जीव वरखाली. बंदूक नाही, पाठलाग नाही.

संवाद आणि चेहरा

जुने सिनेमे संथ असतात, असं म्हणणाऱ्यानं ‘द माल्टीज फाल्कन’ बघावा. जॉन ह्यूस्टनचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट, आणि पात्रं इतकी भराभरा बोलतात की उपशीर्षकांची दमछाक होते. उपशीर्षकं लावाच. इंग्रजी चांगलं असलं तरी लावा. त्या काळची बोलीभाषा आणि जुना ध्वनी मिळून निम्मी वाक्यं गिळतात.

मूळ कादंबरी डॅशिअल हॅमेटची. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी तपास संस्थेत काम केलेला माणूस. त्याच्या कादंबरीत कोणाच्याही मनात काय चाललंय हे लिहिलेलंच नाही, फक्त कोण काय बोललं आणि काय केलं. चित्रपटानंही तोच बाणा ठेवला. हम्फ्री बोगार्टचा स्पेड जवळपास प्रत्येक प्रसंगात आहे, म्हणजे त्याला जेवढं कळतं तेवढं आपल्याला कळतं. पण तो खरं बोलतोय की खोटं, याचा थांग लागत नाही. एका प्रसंगात तो खलनायकाच्या खोलीत भयंकर भडकतो, आदळआपट करतो, दार आपटून बाहेर पडतो. बाहेर आल्याबरोबर चेहरा शांत. मग त्याचं स्वतःच्या हाताकडे लक्ष जातं, हात थरथरतोय. आणि तो हसतो. राग नाटकी होता, भीती खरी होती, आणि दोन्ही त्याला एकाच वेळी कळताहेत. तीन-चार सेकंदांचा खेळ. पापणी लवली तर गेला.

हेरपटांच्या लेखकांतही धंदा आतून बघितलेले होते. ‘द थर्ड मॅन’ लिहिणारा ग्रॅहम ग्रीन युद्धकाळात ब्रिटनच्या एमआय-सिक्स या हेरखात्यात होता आणि त्याचा वरिष्ठ होता किम फिल्बी, जो पुढे सोव्हिएत हेर निघाला. जॉन ल कारे तर हेरखात्यात नोकरी करता करताच कादंबऱ्या लिहीत होता. म्हणून त्यांच्या हेरांना पगाराची, वरिष्ठांची आणि आपल्याच माणसांची धास्ती असते.

खऱ्या हेरगिरीत किती विचित्र विनोद असतो याचा नमुना ‘फाइव्ह फिंगर्स’ (१९५२). युद्धकाळात अंकारातल्या ब्रिटिश राजदूताचा खासगी नोकर साहेबांच्या गुप्त कागदांचे फोटो काढून जर्मनांना विकत होता. जर्मनांनी त्याला मोजून दिलेल्या ब्रिटिश पौंडांत बहुतेक नोटा बनावट होत्या. ही सत्य घटना. चित्रपटात तो नोकर जेम्स मेसननं इतक्या रुबाबात केलाय की राजदूतच त्याच्यापुढे नोकर वाटावा.

काळं, पांढरं आणि नुसतं करडं

१९६० नंतर हेरपट रंगीत झाले. बाँड आला, समुद्रकिनारे आले, मोटारी उडाल्या. अशा वेळी, १९६५ मध्ये, मार्टिन रिटनं ल कारेच्या कादंबरीवरचा ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ मुद्दाम कृष्णधवल काढला. त्यात १९४० च्या दशकातल्या सिनेमांसारखा झगझगीत पांढरा आणि गडद काळा नाही. ऑस्वाल्ड मॉरिसचं छायाचित्रण जवळजवळ सगळं करड्यात आहे. करडं आकाश, करडी बर्लिनची भिंत, रिचर्ड बर्टनचा थकलेला करडा चेहरा. यात आपली बाजू चांगली आणि त्यांची वाईट असा हिशेबच लागत नाही, आणि तो लागू नये याची तजवीज प्रकाशानंच केली आहे. हा चित्रपट रंगीत असता तर कसा दिसला असता, याची कल्पना करून बघा. मला तरी करवत नाही.

उणिवा आहेतच, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोटार चालवणाऱ्या नटाच्या मागे पडद्यावर सोडलेला रस्ता सरळ सरळ खोटा दिसतो. बायका एक तर घात करणाऱ्या, नाही तर वाचवायच्या, मधलं क्वचित. परदेशी पात्रं ठोकळेबाज, काही ठिकाणी आज बघवत नाहीत अशी. एफबीआयच्या सहकार्यानं काढलेला ‘द हाउस ऑन नाइन्टी-सेकंड स्ट्रीट’ (१९४५) तपासाचे खरे बारकावे दाखवतो, पण निवेदकाचा सरकारी सूर सोसावा लागतो.

सुरुवात करायची तर हिचकॉकच्या ‘द थर्टी-नाईन स्टेप्स’ (१९३५) पासून करा. दीड तासाच्या आत संपतो, विनोद भरपूर, आणि कथा सरळ : एका निरपराध माणसावर खुनाचा आळ, मागे पोलीस, पुढे हेर. त्यातली एक आवाजाची करामत ऐकायला विसरू नका. कामवाली बाई प्रेत बघून किंचाळायला तोंड उघडते आणि ऐकू येते ती धडधडत निघालेल्या आगगाडीची शिट्टी. त्यानंतर ‘नटोरिअस’, मग ‘द माल्टीज फाल्कन’ आणि ‘द थर्ड मॅन’. ‘द बिग स्लीप’ची घाई नको, या प्रकाराची चटक लागली की मग. आणि बर्टनचा तो बर्लिनचा चित्रपट मन जरा घट्ट असेल त्या दिवशी.

पडद्याचंही बघा. यातले जवळपास सगळे चित्रपट चौकोनाकडे झुकणाऱ्या आकाराचे आहेत, रुंदीला १.३७ तर उंचीला १. टीव्हीभर ताणले की बोगार्टचा चेहरा भोपळ्यासारखा होतो, तेव्हा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू द्या. इंटरनेटवर फिरणाऱ्या धूसर प्रती टाळा. त्यांत सावलीतले बारकावे जाऊन नुसता काळा गोळा उरतो आणि दाराशी उभा असलेला माणूस कधी दिसतच नाही. दुरुस्त केलेली चांगली प्रत शोधा. नंतर रंग भरलेल्या आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नका. खोलीतला दिवा बंद करा, टीव्हीची चमक थोडी उतरवा, आणि हालचाल गुळगुळीत करणारी ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका. ती चालू असली की १९४६ ची मेजवानीसुद्धा कालच्या मालिकेसारखी दिसते.